राग आल्याशिवाय हजेरी नाही

पैठणपासून फुलंब्रीपर्यंत शोधून पाहा, आमच्या विहीणबाईंइतकी रागीट बाई सापडायची नाही. आणि त्या दिवशी सकाळी सात वाजायला चार मिनिटं उरली असताना त्यांना काही केल्या राग येईना. कारखान्याच्या कँटीनच्या दारात भिंतीला हजेरीचं मशीन लावलंय. त्याच्यापुढं त्या उभ्या होत्या आणि तोंड भरून हसत होत्या. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी पदर सारखा केला, पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हसल्या. "ओळख पटली नाही." सातला दार बंद होतं आणि मशीन त्या दिवसाचा खाडा लावतं. महिन्यात तीन खाडे झाले की नाव आपोआप कटतं, असा ठेकेदाराचा नियम. त्यांचे दोन झालेले होते. सतरा वर्षं तव्यापुढं बसलेली बाई चार मिनिटांत कामावरून जाणार होती, कारण तिला राग येत नव्हता. आणि तिला राग आणणं हे माझं काम होतं.

माझी लेक त्यांच्या मुलाला दिली, त्याला एकवीस वर्षं झाली. आम्ही दोघी मुकुंदवाडीत एकाच गल्लीत राहतो, त्यांचं घर या टोकाला, माझं त्या टोकाला. माझे मालक गेले तेव्हा महिनाभर मी घरात भिंतीकडं बघत बसले होते. विहीणबाई आल्या, दारातूनच म्हणाल्या, "भाकरी थापता येती का विसरल्या? भिंतीला बघून काय मिळतंय? उद्या चला माझ्यासंगं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन बसवलं आणि पहिल्याच भाकरीला म्हणाल्या, "ही कुणाला घालायची? बैलाला?" तेव्हापासून आम्ही शेजारी शेजारी बसून भाकऱ्या थापतो. कारखान्यात काम करणारे निम्मे गडी खेड्यांतून येतात, त्यांना पोळी चालत नाही, बाजरीचीच लागते. कँटीनमध्ये पोळ्यांचं मशीन केव्हाच आलं. भाकरीचं मशीनही आणून बघितलं होतं, पण त्याच्यातून जे निघालं ते बघून विहीणबाईंनी साहेबाला विचारलं, "हे खायचं का छपराला लावायचं?" ते मशीन परत गेलं.

त्यांचा राग माणसांपुरता नाही. माणसांवर तर कुणीही रागावतं. त्या तव्याशी भांडतात, पायातल्या चपलेशी भांडतात, लाल दिव्याशी भांडतात. एकदा शेअर रिक्षा लाल दिव्याला थांबली आणि समोरून एकही गाडी येत नव्हती, तर रिक्षाच्या बाहेर डोकं काढून त्यांनी दिव्याला विचारलं, "कुणासाठी थांबवलंस रे आम्हाला, पाहुणे यायचेत का तुझे?" मोबाईलवर ती बाई बोलते ना, आपण ज्यांना फोन लावला ते उत्तर देत नाहीत म्हणून, तिच्यावर तर त्यांचा फारच राग. ती बोलायला लागली की या मध्ये बोलतात, या बोलायला लागल्या की ती थांबत नाही. "समोरच्याला बोलू द्यायची रीत नाय हिला. कुण्या घरची हाय कोण जाणे!" नातीनं समजावलं, आजी ती खरी बाई नाही, आवाज भरून ठेवलेला असतो. विहीणबाई म्हणाल्या, "मग भरताना तरी चांगल्या वळणाची बाई बघायची."

बाजरी त्या शहरात घेत नाहीत. कँटीनला माल ठेकेदाराचा येतो, पण घरची बाजरी पाचोडच्या बाजारातून. बाजाराच्या दिवशी सुट्टी मिळाली तर मलाही ओढून नेतात. तिथं पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून चावत उभं राहायचं. व्यापारी वाट बघतो. गिऱ्हाईकं वाट बघतात. मग डोळे उघडून, "ही गेल्या सालची हाय. आत काय दडवलंय ते दाखवा." पाच पोती उघडायला लावली की पहिल्याच पोत्यातली बाजरी घेतात. मी एकदा विचारलं, घ्यायची होती तर एवढा तमाशा कशाला? म्हणाल्या, "त्याला कळलं पाहिजे, चावून बघणारं माणूस अजून हाय."

कामाच्या बाबतीत मात्र त्यांचं सगळं शिस्तीत. सहा चाळीसला दारात. पोळपाट घेत नाहीत, तळहातावरच थापतात. तव्यावर भाकरी टाकली की कान जरा खाली नेतात. फुगली का ते त्यांना आवाजावरून कळतं. भाकरी टम्म फुगली की एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांचा चेहरा असा होतो की हीच ती बाई का असं वाटावं. कुणी बघतंय असं दिसलं की पुन्हा कपाळाला आठ्या. एकदा एका साहेबानं निरोप पाठवला, मला अर्धीच भाकरी द्या. त्यांनी अख्खी पाठवली आणि वाढप्याला सांगितलं, "भाकरी मोडायची ती खाणाऱ्यानं. करणारीनं मोडली की अन्नाचा अपमान होतो. साहेबाला हात आहेत का विचार."

अशा बाईच्या आयुष्यात ते मशीन आलं. त्याच्याआधी हजेरी वहीत होती आणि वही सुपरवायझरकडं. सुपरवायझर पन्नाशीचे, जुन्या शहरातले, अर्धं हिंदी बोलणारे. आम्ही रिक्षातून उतरलो की दुरूनच बघून खूण करायचे. मशीन आलं तशी वही कपाटात गेली. सुपरवायझर मात्र तिथंच दाराशी उभे राहिले, कारण त्यांना दुसरं कुठं उभं राहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

चेहरे नोंदवायचा दिवस होता. आम्ही भाकरीवाल्या नऊ जणी रांगेत. एक एक करून मशीनपुढं उभं राहायचं, ते फोटो काढतं आणि जन्मभर त्यावरून ओळखतं, असं सांगण्यात आलं. विहीणबाईंचा नंबर आला. त्या डोक्यावरचा पदर काढायला तयार होईनात. मग काढला, तर केस नीट करायला लागल्या. मी मागं उभी होते, मला उशीर होत होता. मी म्हणाले, "आवरा की विहीणबाई. मानाची साडी नाय नेसवत तुम्हाला कुणी!"

असं बोलायला नको होतं. मानाची साडी ही आमच्या दोन्ही घरांतली जुनी जखम. बस्त्याला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं दुकानात एकत्र जातात तेव्हा, वरमाय म्हणून विहीणबाईंनी स्वतः एक अंजिरी रेशमी साडी पसंत केली होती. लग्नाच्या दिवशी पुडा उघडला तर आत चॉकलेटी साडी, साधी. वरमाय रुसली. वरमायेनं रुसायची रीतच आहे, थोडी समजूत काढली की उठते. पण या खऱ्याच रुसल्या. मुहूर्त टळायची वेळ आली. दुकानदारानं पुडा बदलला असं मी हात जोडून सांगितलं, तेव्हा कुठं त्या उठल्या. आल्बममधल्या एकूण एक फोटोत त्या चॉकलेटी साडी नेसून, भुवया वर, ओठ आत, नाकपुड्या फुगवून उभ्या आहेत. अक्षता टाकतानासुद्धा.

माझं ते बोलणं ऐकून त्यांचा अगदी तोच, आल्बममधला चेहरा झाला, आणि त्याच घडीला मशीननं फोटो काढला. "नोंद यशस्वी," म्हणालं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई नेहमीसारख्या आल्या. मशीन म्हणालं, ओळख पटली नाही. खाडा लागला. पुढच्या दिवशीही तेच. दुसरा खाडा. सुपरवायझर हात चोळत म्हणाले, "मैं तो पहचानता ना मौसी तुमको. पर मेरी पहचान को यहां कौन पूछता?" तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा तोल सुटला. मशीनला नाक लावून म्हणाल्या, "अगं भवाने, सतरा वर्षं झाली इथं! तू काल आलीस अन् मला विचारतीस कोण म्हणून?" मशीन म्हणालं, "ओळख पटली. धन्यवाद."

मग आमच्या ध्यानात आलं. मशीनला फक्त चिडलेल्या विहीणबाई माहीत होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढी रागीट बाई, तिला काय अवघड? तिथंच तर गोम होती. विहीणबाईंचा राग खरा. दोन दिवस त्यांनी आरशापुढं भुवया चढवून बघितल्या, तर पोट दुखणाऱ्या माणसासारखं तोंड व्हायचं, आणि आपलंच ते तोंड बघून त्यांना हसू यायचं. "खोटा राग मला येत नाय," म्हणाल्या, "मी काय नाटकवाली हाय का?" आणि सकाळी कामावर येताना तर त्या सगळ्यात खुशीत असतात. दिवसभरातली तेवढीच वेळ, जेव्हा त्यांचं कुणाशी भांडण नसतं.

पुन्हा फोटो काढा म्हणून अर्ज केला. सुपरवायझरनी तो मोबाईलवरून वर पाठवला. वर म्हणजे कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं. रोज निरोप यायचा, आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे, समाधानी असाल तर चांदण्या द्या. विहीणबाईंना एकही चांदणी द्यायची नव्हती. पण एक तरी दिल्याशिवाय ते पुढं सरकेना. "देणार नाय," त्या म्हणाल्या, आणि अर्ज तिथंच अडकला. शेवटी नातीनं गुपचूप एक दाबली, तरी फोटोचं उत्तर आजवर आलेलं नाही. ते कळल्यावर नातीशी दोन दिवस अबोला.

जावई म्हणाले, "आई, बास की आता. घरी बस." विहीणबाईंनी ताट बाजूला सारलं. "मशीन ओळखत नाय म्हणून मी उठून जाऊ? म्हणजे ती खरी अन् मी खोटी? मी जाईन तेव्हा माझ्या पायांनी जाईन. तिच्या सांगण्यावरून नाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अन् हे सगळं तुमच्या जिभेनं झालंय. आता तुम्हीच निस्तरा."

तेव्हापासून रोज सकाळी मशीनपुढं त्यांना चिडवायचं काम माझ्याकडं आलं. इतर बायका आपापले चेहरे दाखवून आत जायच्या, मग आमचा खेळ. सुरुवातीला सोपं होतं. तुमचं वऱ्हाड तीन तास उशिरा आलं होतं, एवढ्यावर आठवडा निघाला. तुमच्या पाहुण्यांनी पातेली खरवडून जिलेब्या नेल्या, त्यावर नऊ दिवस. नवरदेवाची घोडी मांडवात शिरली आणि नवरदेव गळ्याला मिठी मारून ओरडत होता, त्यावर चार दिवस. पाचव्या दिवशी त्या स्वतःच हसायला लागल्या. बोललेलंच पुन्हा बोललं की धार जाते. मी घरी बसून आठवायची. भांडी घासताना आठवायची. आल्बम काढून एकेक फोटो बघायची, यात काय सापडतंय का म्हणून. पण सगळ्यात मोठं होतं ते मी काढत नव्हते. मानाच्या साडीचं नाव त्या पहिल्या दिवसानंतर मी कधी घेतलं नाही. त्याचं कारण मला एकटीलाच ठाऊक होतं.

असे महिने गेले. मधूनमधून एखादा खाडा लागायचा, पण तिसऱ्यापर्यंत गोष्ट कधी आली नाही. मग एका महिन्यात विहीणबाई तापानं आजारी पडल्या आणि दोन खाडे तिथंच संपले. त्या महिन्याच्या अखेरीला आमच्या दोघींच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आमच्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली पोरगी. रात्रभर विहीणबाईंना आनंदानं झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन त्या मशीनपुढं उभ्या राहिल्या, तो हा दिवस.

"तुमचं वऱ्हाड तीन तास उशिरा आलं," मी सुरू केलं.

"आलं खरं. काय मजेचा दिवस होता हो तो!"

"जिलेब्या सगळ्या खाल्ल्या तुमच्या लोकांनी."

"खाणारच की, चांगल्या होत्या. पेढा घ्या ना विहीणबाई."

"तुमच्या पोराला घोडीवर बसता येत नव्हतं!"

"त्याला सायकलबी येत नाय अजून," म्हणून त्या पोट धरून हसल्या. मशीन म्हणालं, ओळख पटली नाही. सुपरवायझर घड्याळाकडं बघत होते. "मौसी, दो मिनट." आत बाकीच्या बायका पिठाचे हात तसेच धरून दाराशी उभ्या. विहीणबाईंनाही दोन मिनिटं कळत होती. त्या ओठ दाबत होत्या, भुवया चढवत होत्या, आणि पुन्हा नातीची आठवण येऊन चेहरा उजळत होता. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या. पोरगी लागली मार्गाला, झालं माझं." असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते बोलणं मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, "विहीणबाई, ती अंजिरी साडी दुकानदारानं नाय बदलली."

"जाऊ द्या हो आता ते."

"मी बदलली. पुडा मी बदलला. तुमची साडी माझ्या ट्रंकेत हाय. एकवीस वर्षं."

हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं, मग गालावरचं, आणि मग भुवया वर, ओठ आत, नाकपुड्या फुगलेल्या. पण तोंड माझ्याकडं होतं. सुपरवायझर ओरडले, "मशीनकडं! मशीनकडं बघा मौसी!" मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं.

"ओळख पटली. धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो."

का बदलली, ते सांगते. बस्त्याला सगळ्यांच्या साड्या घेऊन झाल्यावर शेवटी मुलीच्या आईला म्हणून ती चॉकलेटी घेतली होती, कुणी मला विचारलंही नव्हतं आणि पुढं ती कुणाच्या ध्यानातही राहिली नाही. लग्नाच्या दिवशी पहाटे दोन्ही पुडे शेजारी पडलेले दिसले. त्या वयापर्यंत मी दुसऱ्यांच्या पसंतीचंच नेसले होते. वाटलं, आज आपण नेसू. बदललेला पुडा वरमायेकडं गेल्यावर कळलं की आपल्याला ती नेसता येणार नाही, दिसली की पकडले जाऊ. मग जुनीच नेसून उभी राहिले. एवढंच आहे.

अकरा दिवस विहीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तव्यापुढची जागा त्यांनी बदलली नाही, पण मधे परात ठेवली. हजेरीला मात्र अडचण उरली नाही. रोज सकाळी मशीनपुढं जायच्या, एकदा मागं वळून माझ्याकडं बघायच्या आणि तसंच तोंड पुढं फिरवायच्या. मशीन लगेच ओळखायचं. बाराव्या दिवशी मी साडी पिशवीत घालून आणली आणि परातीशेजारी ठेवली. त्यांनी हात पुसले, उलगडली. रेशीम प्रत्येक घडीवर फाटलेलं होतं.

"नेसली नाय कधी?"

"नाय."

"एकदाबी नाय?"

"भीती वाटली."

त्यांनी बराच वेळ ते फाटलेलं रेशीम बोटांनी चाचपलं. "चोरून आणली अन् ठेवून दिली. तुझ्यापेक्षा उंदीर बरा गं, निदान कुरतडतो तरी."

एकवीस वर्षांत त्या मला पहिल्यांदा तू म्हणाल्या. तेव्हापासून तूच म्हणतात. मीही आता ती म्हणते. तिनं साडीचे काठ उसवून नातीच्या ड्रेसला लावले आणि मधली परात उचलून खाली ठेवली.

आता अडचण पुन्हा सुरू झाली आहे. राग विरत चाललाय. गेल्या आठवड्यात मशीननं तिला दोनदा नाही म्हटलं. माझ्याकडं सांगायला दुसरी चोरी नाही. सुपरवायझरना ठेकेदारानं दुसरीकडं पाठवलं, दाराशी आता कुणी उभं नसतं. बायकाही गेल्या. कुणाला एक मिनिट उशीर झाला म्हणून, कुणाची नजर मशीनपुढं ठरेना म्हणून, कुणी कंटाळून. तरी आम्ही सहा चाळीसला तिथं असतो. ती मशीनपुढं उभी राहते आणि म्हणते, "आण गं काहीतरी आठवून, लवकर." मी आठवत राहते. कधी मी फार वेळ गप्प राहिले की तिला त्याचाच राग येतो, आणि दिवस निभावतो. आत गेल्यावर ती पहिली भाकरी तव्यावर टाकते, कान खाली नेते, भाकरी फुगते, आणि तिचा चेहरा तसा होतो. तो चेहरा मशीननं अजून एकदाही बघितलेला नाही.

मशीन लागलं तेव्हा भाकरी थापायला आम्ही नऊ जणी होतो. आता दोघी आहोत. ती आणि मी.